तोंडावर सांगायचं कौतुक

ताई, तुमच्या शोकसभेतलं एकही भाषण तुम्हाला आवडलं नसतं.

सदर भागातल्या तुमच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. फोटोला हार होता आणि फोटोतून तुम्ही वर्गात बघायच्या तशाच चष्म्यावरून आमच्याकडे बघत होतात. एकेक जण उठून बोलत गेला. देवमाणूस होत्या. लाखात एक. अशी माणसं आता होत नाहीत. मी कोपऱ्यात बसून प्रत्येकाला मनातल्या मनात तुमच्या आवाजात टोकत होते, म्हणजे नेमकं काय केलं, केलेलं सांगा. तुमच्या शाळेतल्या एक जुन्या बाई "प्रमिला म्हणजे साक्षात ममता" म्हणाल्या तेव्हा मला हसू फुटलं. शेजारणीला वाटलं हुंदका आला, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. हुंदकाही होताच म्हणा.

पास झाला तो एकटा गुड्डू, तुम्हाला सदरहून आमच्या रांझी वस्तीत आणणारा ऑटोवाला. तो दाराशी चपलांजवळ उभा होता. त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण तो बोलला. "मैडम उतरते टाइम कुछ बोलके जाती थीं. कभी बोलतीं, भैया, आज ब्रेकर पे तुमने गाड़ी धीरे की, मेरी कमर बच गई. कभी बोलतीं, उस बुज़ुर्ग को तुमने पहले निकलने दिया. इतने साल से चला रहा हूँ, किसी ने देखा ही नहीं कि मैं चलाता कैसे हूँ." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. सभेला काय करावं ते कळेना. मग कोणीतरी दोन मिनिटं शांत उभं राहू या म्हणालं.

त्याआधी तुमच्या मुलानं, समीरनं, मलाही खूण केली होती. पुण्याहून धावत आलेला पोरगा, चार दिवस झोपला नसावा. मी उठले आणि म्हणाले, "त्या मला मोठ्या बहिणीसारख्या होत्या." आणि बसले. इतकी वर्षं तुमच्याबरोबर आजीवर्ग चालवला आणि ऐन वेळी माझ्या तोंडून निघालं ते हे.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी रांझीत विहाराच्या बाजूच्या खोलीत बालवाडी चालवत होते, तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की तिथे मुलं आहेत आणि बाई एकटी आहे. तुम्ही आलात, सकाळभर मागे बसून राहिलात. एका छोटीनं आपल्या डब्यातली अर्धी पोळी शेजारच्या रडणाऱ्या पोराला दिली. मी जाता जाता म्हटलं, "शाबाश, व्हेरी गुड." मुलं घरी जायच्या वेळी तुम्ही त्या छोटीला जवळ घेऊन विचारलंत, मॅडमनं शाबाश कशाला म्हटलं गं? तिनं विचार केला आणि सांगितलं, "क्योंकि मैं चुप बैठी थी."

सगळी मुलं गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की शाबासकी दिलीस ती चांगली, पण पत्ता न लिहिलेल्या पत्रासारखी टाकलीस. मला असा राग आला! सदरची ही पेन्शनवाली बाई माझ्या खोलीत येऊन मला शिकवते. मी म्हटलं, एवढं असेल तर तुम्हीच शिकवा. मला वाटलं होतं तुम्ही रागावून जाल. तुम्ही विचारलंत, "कुठल्या वारी येऊ?"

मग गुरुवार ठरला. मुलांना नाही, मुलं सांभाळणाऱ्यांना शिकवायचं, हे तुमचं. आमच्या रांझीत आईबाप कारखान्यात नाहीतर रिछाईच्या वर्कशॉपात, आणि पोरं आज्यांच्या पदरात. तेव्हा वर्गाला आल्या त्या आज्या, एक आत्या, आणि एक आजोबा, जे पहिले काही गुरुवार नुसते दाराशी बसून पेपर वाचत होते. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, काल तुमच्या मुलानं चांगलं काय केलं ते सांगा. कोणी तोंड उघडेना. वाईट काय केलं विचारलं असतं तर संध्याकाळ पुरली नसती. शेवटी एक आजी म्हणाली, "काल तो झोपला होता, तेवढंच."

तुम्ही शिकवायच्या ते ऐकायला अगदी सोपं होतं. मूल चांगलं वागलं की तिथल्या तिथे सांगा. 'गुणाचा गं माझा' नको, काय केलं ते सांगा. चप्पल जोडीनं ठेवलीस. बहीण रडत होती तर तिला पाणी दिलंस. आणि कौतुकाला शेपूट लावू नका. आज दप्तर जागेवर ठेवलंस, मग रोज काय होतं तुला, असं म्हटलं की दप्तराचं कौतुक गेलं आणि फटकाच उरला. शेपटावर आज्या खूप हसल्या, कारण त्या सगळ्या लावत होत्या. मीही लावत होते. अजून लावते.

तुमच्या मराठीचीही त्यांना मजा वाटायची. तुमचं घराणं मराठ्यांच्या काळापासून इथलं, तुमचं 'करते आहेस' अजून इस्त्रीचं. आमचं नागपूरकडचं 'करून राहिली'. तुम्ही एकदा वर्गात 'का' ऐवजी आमचं 'काहून' म्हणून बघितलंत तर आजोबांनी पेपर खाली ठेवला. त्या दिवसापासून ते आत येऊन बसू लागले.

आणि मग कौसल्याबाई आल्या.

कौसल्याबाईंची नात सृष्टी. सकाळी आईबाप रिछाईला गेले की अंधार पडेपर्यंत आजीजवळ. पोरगी वाऱ्यासारखी. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकली-मोटारसायकलींनी भरतो, आणि नेमक्या त्याच वेळी ती आजीचा हात सोडून पळायची. एकदा तर चाकाखाली जाता जाता वाचली. कौसल्याबाईंचा गळा ओरडून ओरडून बसलेला असायचा. त्या म्हणाल्या, मारून पाहिलं, बांधून ठेवायचं तेवढं राहिलं. तुम्ही त्यांना म्हणालात, ती ज्या दिवशी थोडा वेळ तरी हात धरून ठेवेल, त्या दिवशी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली वाका, तिच्याकडे बघा आणि सांगा, तू हात धरून ठेवलास.

पुढच्या गुरुवारी विचारलं, सांगितलं का? नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. पोरगी हात धरत होती अधूनमधून, पण आजीच्या तोंडून शब्द निघत नव्हता. तुम्ही खोदून विचारलंत तेव्हा त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आम्ही विहारात जातो मॅडम, नजरबिजर मानत नाही. पण लेकराच्या तोंडावर चांगलं म्हणत बी नाही. काहून उगाच."

तुम्ही त्यांना समजावत बसलात. नजर काही नसते, आणि चांगलं म्हटल्यानं मूल बिघडत नाही. त्या माना डोलवत होत्या आणि मला दिसत होतं की घरी जाऊन त्या काही म्हणणार नाहीत. मी मध्येच बोलले. म्हटलं, तिला नका सांगू. शेजारणीला सांगा, पण सृष्टीला ऐकू जाईल असं सांगा.

कौसल्याबाईंचा चेहरा उजळला. हे त्यांना येत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अंगणाच्या भिंतीवरून शेजारणीला हाक मारून सांगितलं, "अवं, आज सृष्टीनं माझा हात नाही सोडला. गाड्या गेल्या तोवर थांबली." पायरीवर पाठ करून मुरमुरे खाणारी सृष्टी खायची थांबली. मग कौसल्याबाई रोज कोणाला ना कोणाला सांगू लागल्या, दूधवाल्याला, शिवणवाल्या बाईला, कोणी नसलं तर गॅसच्या शेगडीला. पोरगी हात धरू लागली. भोंग्याच्या वेळीसुद्धा.

मी विजयी मुद्रेनं तुमच्याकडे आले आणि तुम्ही म्हणालात, "ही चुगली झाली, सुषमा. चांगली चुगली, पण चुगलीच."

तो आपला वाद, ताई. किती गुरुवार, किती चहा, गुड्डूच्या ऑटोत किती फेऱ्या. तुमचं म्हणणं, मुलाला सांगायचं ते मुलाला सांगा, डोळ्यात बघून. माझं म्हणणं, आमच्या घरांत ही रीतच नाही, तोंडावर केलेलं कौतुक आम्हाला तोंडदेखलं वाटतं. माझ्या आईनं मला आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही. पण मावशीला फोनवर सांगायची, सुषमा एकटीनं सगळं घर सांभाळून राहिली, आणि आवाज असा चढवायची की स्वयंपाकघरात मला ऐकू यावं. मी त्यावर वाढले. बघा ना, काय वाईट झाली. तुम्ही म्हणायच्या, वाईट झालीस कोण म्हणतं, भांडखोर झालीस.

एकदा हा वाद सदरच्या त्या हलवायाकडे खव्याची जिलबी खाताना झाला. मी पुन्हा आईची गोष्ट सांगितली. तुम्ही खाता खाता सहज म्हणालात की तुमच्याही घरी असंच होतं. पाहुणे आले की बाबा सांगायचे, आमच्या प्रमिलेनं गणितात सगळ्यांना मागे टाकलं, आमची प्रमिला आजीचं औषध कधी चुकवत नाही. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन दाराआड थांबायच्या, बाबांचं बोलणं संपेपर्यंत. "मी दाराआड उभी राहून मोठी झाले," तुम्ही म्हणालात. "पाहुणे गेले की मी बाहेर यायची. बाबा पेपर वाचत असायचे. मला वाटायचं, आता मान वर करतील."

मी म्हटलं, पण तुम्हाला कळलं तर होतं ना, त्यांना काय वाटतं ते.

"कळलं होतं गं," तुम्ही म्हणालात. "मिळालं नव्हतं." आणि जिलबीचा तुकडा माझ्याकडे सरकवलात, खा, थंड होते आहे म्हणून. मी खाल्ला. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. वाद मात्र पुढच्या गुरुवारी होता तिथूनच सुरू झाला.

मग थंडीत तुम्हाला खोकला झाला, आणि खोकल्याचं पुढे छातीत पाणी झालं. दवाखान्यात तुम्ही दोन उशांना टेकून बसलेल्या असायच्या, कारण आडवं होता येत नव्हतं. मी संध्याकाळी बालवाडी बंद करून यायची. तुम्ही वर्गाचं विचारायच्या, मी सांगायची. आजोबा आता स्वतःच धडा देतात, आत्यानं परवा शेपूट न लावता पूर्ण वाक्य म्हटलं. तुम्हाला हसू यायचं आणि हसलं की खोकला यायचा, म्हणून मी गमती कमी केल्या.

त्या शेवटच्या संध्याकाळी सिस्टर तुमचं सलाईन बघायला आली. तुमचे डोळे मिटलेले होते. कसं कोण जाणे, मी तिला सांगायला लागले. म्हटलं, सिस्टर, या बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तरी आमच्या वर्गात त्या खुर्चीवर बसत नाहीत. आज्या खाली बसतात म्हणून या खाली बसतात. मी दर गुरुवारी खुर्ची आणून ठेवते, या दर गुरुवारी ती भिंतीला सरकवतात. मी चांगली मोठ्यानं सांगत होते. कोणाला ऐकू जावं म्हणून, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सिस्टर हसली आणि पुढच्या पलंगाकडे गेली. तुम्ही डोळे उघडले.

"मी इथेच आहे, सुषमा," तुम्ही म्हणालात. "मला सांग."

ताई, मला तेव्हा दाराआडची पोरगी आठवली. खरंच आठवली. आणि तरी माझी जीभ उचलेना. आमच्या घरात कोणाची कधी उचललीच नाही. मी तुमचं पांघरूण सारखं केलं, पाण्याची बाटली उगाच सरळ केली आणि म्हटलं, घरी चला आधी, मग निवांत चहा घेऊन सांगते. पण सगळं औषध घ्यायचं, नखरे नाही करायचे.

"शेपूट लावलंस," तुम्ही म्हणालात. आणि पुन्हा डोळे मिटलेत. ओठ हसत होते तुमचे, एवढं मी नक्की पाहिलं.

सकाळी समीरचा फोन आला.

मी खूप दिवस वर्ग घेतला नाही. कौसल्याबाई येऊन म्हणाल्या, मॅडम असत्या तर रागावल्या असत्या. म्हणून परवाच्या गुरुवारी दार उघडलं. सवयीनं खुर्ची आणली, मग लक्षात आलं, आणि मीच ती भिंतीला सरकवली. मी खाली बसले. कौसल्याबाईंना वाटलं असणार की मला जरा आधार द्यावा, म्हणून त्यांनीच सुरुवात केली. सृष्टीला शाळेला सुट्टी होती, ती त्यांच्या मांडीला रेलून बसली होती.

कौसल्याबाई माझ्याकडे बघून सांगू लागल्या. काल चौकात ही हात धरून उभी होती, आणि बाजूला एक लहान पोरगं एकटंच रस्त्यात निघालं. तर हिनं माझा हात न सोडता दुसऱ्या हातानं त्याला मागं ओढलं. अंगणाच्या भिंतीवरून बोलतात तशा त्या मोठ्यानं बोलत होत्या.

सृष्टीनं त्यांचा पदर ओढला. "दादी, मैडम को क्यों बता रही हो? मैं तो यहीं हूँ. मुझे बोलो ना."

मी कौसल्याबाईंकडे बघत राहिले. त्या घाबरल्या होत्या, ताई. तोंडावर म्हणायचं म्हणजे त्यांना विहिरीत डोकवायला सांगितल्यासारखं. पण त्या वळल्या. पोरीची हनुवटी धरली. आणि मराठीतून, पोरीला जेमतेम ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "तू माझा हात धरून ठेवला. आन् त्या लेकराला बी वाचवलं. मी पाहिलं." लगेच दोन्ही हात तिच्या कानशिलांवरून ओवाळून आपल्या कपाळाशी नेले आणि कडाकडा बोटं मोडली. आज्या सगळ्या हसल्या. सृष्टी हसली नाही. ती आजीकडे अशी बघत होती की मला दुसरीकडे बघावं लागलं.

तुम्ही जिंकलात. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला माहीत आहे, चष्मा काढून पुसायला घेतला असतात आणि म्हणाला असतात, मी काही बोलले का? मी म्हटलं असतं, पण भिंतीवरून सांगितलं नसतं तर कौसल्याबाई हनुवटी धरण्यापर्यंत आल्याच नसत्या. तुम्ही म्हटलं असतं, ते बघू पुढच्या गुरुवारी. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच भांडते, आणि त्यात काही राम नाही.

हे मी लिहिते आहे ते छापून येईल, चार लोक वाचतील. म्हणजे बघा, मेल्यावरसुद्धा मी तुमचं कौतुक लोकांनाच सांगते आहे, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं. खोड जात नाही. म्हणून हे शेवटचं मात्र लोकांसाठी नाही. त्यांनी वाचलं तर वाचू दे. काल संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. समीर आत सामान बांधत होता. मी फोटोसमोर उभी राहिले, डोळ्यात बघितलं, आणि म्हटलं ते हे.

ताई, तुम्ही गुडघे दुखत असताना आमच्यासोबत जमिनीवर बसलात. उठताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि ओठ दाबून धरायच्या, पण खुर्ची कधी मागितली नाहीत. आणि पहिल्या दिवशी माझी चूक तुम्ही माझ्या मुलांसमोर सांगितली नाहीत. सगळी घरी जाईपर्यंत थांबलात. मी पाहिलं.

एवढंच म्हटलं. शेपूट नाही लावलं. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून तुमच्या फोटोवरून हात ओवाळले आणि कपाळाशी बोटं मोडली. आता तुम्हाला कोणाची नजर लागायची आहे, ताई. तरी मोडली.